कमलवहिनीची पुस्तकं आणि मायची कडी

आमच्या घरात पोथ्यांखेरीज जे काही छापील आलं ते कमलवहिनीबरोबर आलं. ती अकोल्याकडची. तिकडे तिच्या थोरल्या भावाचं पुस्तकं भाड्याने देण्याचं दुकान होतं. वाचून वाचून ज्यांची मुखपृष्ठं गेली, शिवण सुटली, अशी पुस्तकं गिऱ्हाईक घेत नसे. ती तो बहिणीला देऊन टाकायचा. लग्नानंतर तिची पेटी उघडली तेव्हा वरच्या लुगड्यांखाली ही सगळी गाठोडी निघाली. माय बघत उभी होती. एवढा कागद कशाला आणलास, असं तिने विचारलं. आमच्याकडे नवी सून आठ-पंधरा दिवस तोंड वर करत नसे, पण वहिनी सरळ म्हणाली, "भीती वाटून घ्यायला, आत्याबाई." माय नंतर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "पोरगी बरी हाय ना गं डोक्यानं?"

बोरीच्या बाजारावर जगणारं आमचं लहानसं गाव. पुढे अप्पांचं कापडाचं दुकान, मागे घर, वर माळवद. सकाळी मला जाग यायची ती अप्पांच्या लिंगपूजेतल्या पुटपुटण्याने, आणि मग दिवसभर दुकानातून कापड फाटल्याचा आवाज यायचा. अप्पा गजाने मोजून कापडाला कात्रीचा एक चावा द्यायचे आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचे. घरात कुणी आजारी असलं आणि तो आवाज थांबला, की अप्पा काळजीत आहेत हे आम्हाला कळायचं. अप्पांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी ते बोलायचे. वाचायचे मात्र बोट ठेवून. माय बाराखडीही शिकली नव्हती. मी शाळेत गेले तेव्हा शाळा नुकतीच मराठी झाली होती, आणि मला अक्षरांची एवढी भूक होती की पुडीच्या कागदावरचंही मी वाचायचे. त्यामुळे ती गाठोडी पाहिल्यावर मी वहिनीची झाले, ती आजतागायत.

ती पुस्तकं रहस्यकथांची होती, पण नेहमीच्या नव्हेत. त्यांत खून क्वचित असे आणि हेर तर जवळजवळ नसेच. एखाद्या बाईला नवऱ्याच्या प्रेमळ वागण्याचीच भीती वाटू लागायची, आणि ती भीती खरी की तिच्या मनाचा खेळ, हे शेवटच्या पानापर्यंत कळायचं नाही. एखादा माणूस मेलेल्या भावासारखा चालायला लागायचा आणि ते त्याच्या एकट्याच्याच लक्षात यायचं नाही. वहिनी त्यांना 'मनाच्या गोष्टी' म्हणायची. बाकीच्या रहस्यकथांत चोर बाहेरून येतो, ह्यांत तो आधीपासून घरातच असतो, असं तिने मला समजावलं होतं. आम्ही दोघी माळवदावर चढून, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेला बसून वाचायचो. ती पान उलटायच्या आधी विचारायची, "झालं का तुझं?" आणि माझं झालेलं नसलं तर थांबायची. तसं थांबणारं माणूस मला पुढे फार कमी भेटलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाटलीणबाई पुस्तक मागायला आल्या, मग शाळेचे मास्तर, तेही दुकानाच्या बाजूने, धोतरजोडी बघायच्या निमित्ताने. वहिनी सरसकट पुस्तक द्यायची नाही. आधी एकच प्रश्न विचारायची, तुम्हाला कशाची भीती वाटते? लोक साप म्हणायचे, अंधार म्हणायचे. ती म्हणायची, ते नको, खरं सांगा. पाटलीणबाई बराच वेळ घुटमळून म्हणाल्या की लेकी सासरी गेल्यावर मोठ्या घरात आपण बोलायचंच विसरून जाऊ असं वाटतं. वहिनीने त्यांना जे पुस्तक दिलं ते त्यांनी तीनदा नेलं. आज माझी नात मोबाइलवर असल्याच गोष्टी बघते आणि 'आजी, काहीतरी भारी सांग ना' म्हणते. मी तिला हाच प्रश्न विचारते. ती हसते आणि विषय बदलते, तेव्हा मला कळतं की उत्तर तिच्याजवळ आहे.

मायला मात्र वहिनीने कधी विचारलं नाही. मायच्या भीतीची घरात थट्टाच होती. रोज दिवेलागणीला हातातलं काम टाकून माय उठायची आणि मागच्या दाराशी जायची. कडी वाजायची, ती क्षणभर थांबायची, मग परत यायची. पोळी तव्यावर असली तरी जायची. आम्हाला वाटायचं, कडी लागली की नाही हे बघायला जाते. गावाने वाईट दिवस पाहिले होते, बऱ्याच घरांत असल्या खोडी राहून गेल्या होत्या. धाकटा बसू तर तिच्या मागे जाऊन तिची नक्कल करायचा. एकदा माळवदावर पुस्तक मिटून वहिनी मला म्हणाली की तुम्ही सगळे चुकताय. कडी लागली का बघायला गेलेलं माणूस कडीला हात लावून येतं. आत्याबाई कडी काढतात, दार उघडून बाहेर बघतात आणि मग पुन्हा लावतात. "त्या घाबरून जात नाहीत, चंदा. त्या कुणाची तरी वाट बघायला जातात."

दुपारची जेवणं झाल्यावर वहिनी मागच्या पडवीत मोठ्याने वाचायला लागली ती माझ्या हट्टामुळे. मी शेंगा फोडत बसायचे, माय तूर पाखडायची. माय ऐकते की नाही कळायचं नाही, कारण सुपाचा आवाज एका लयीत चालू असायचा. भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी पोटात गेलेली, बाहेर ऊन, अंगणात चिमण्या आणि वहिनीचा तो जरा वऱ्हाडी हेल. मी आयुष्यात चांगल्या चांगल्या सभागृहांत बसले, पण ऐकण्याचं सुख म्हटलं की मला ती पडवी आठवते.

त्या दिवसांत चाललेली गोष्ट अशी होती. रेल्वेच्या एका गावात राहणारी बाई. तिला रोज संध्याकाळी विहिरीवर रहाट फिरल्याचा आवाज येतो. विहीर कधीच बुजवलेली, रहाट काढून नेलेला. ती रोज बघायला जाते, रोज तिथे कुणी नसतं. नवरा भला माणूस. तोही शेवटी वैद्याला बोलावतो. वहिनी वाचत होती आणि माझ्या लक्षात आलं की सूप थांबलं आहे. माय तूर तशीच मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती कुनाला सांगत का न्हाई, तिला काय ऐकू यायलंय ते?"

वहिनी म्हणाली, सांगितलं तर लोक वेडी म्हणतील, असं तिला वाटतं.

"तसं न्हाई ते," माय म्हणाली. "तिला ठावं हाय ते काय हाय. म्हनून सांगत न्हाई."

आणि ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती पडवीत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आमच्याआधी येऊन बसली आणि म्हणाली, पुढचं वाच. त्या बाईने लहानपणी एका मुलीला विहिरीत पडताना पाहिलं होतं आणि भीतीने कुणालाच सांगितलं नव्हतं. आवाज तिच्याच मनाने जपून ठेवला होता, असं शेवटी निघतं. वहिनीने पुस्तक मिटलं. मला वाटलं, माय आता काहीतरी शेरा मारेल. तिने सूप बाजूला ठेवलं आणि भर दुपारी, चिमण्यांच्या कलकलाटात, आम्हाला दोघींना जे सांगितलं ते तिने अप्पांनाही कधी सांगितलेलं नव्हतं.

आधीचं राज्य गेलं आणि हिंदुस्थानच्या फौजा आल्या, त्या दिवसांना आमच्याकडे नुसतं 'गडबड' म्हणतात. त्याआधी कित्येक महिने आमची माणसं रझाकारांच्या भीतीने अर्धी झालेली होती. मग वारं फिरलं, आणि साठलेला राग काहींनी अशांवर काढला ज्यांनी कुणाचं काहीच वाईट केलं नव्हतं. मी तेव्हा आजोळी होते. अप्पा आणि थोरला भाऊ जिंतूरला अडकलेले. घरात माय आणि लहानगा बसू. त्याच दिवशी दुपारपासून बसूचा कान ठणकत होता आणि तो 'कान, कान' करत जिवाच्या आकांताने रडत होता. दिवेलागणीला गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. मायने सगळ्या कड्या लावल्या, दिवा विझवला आणि बसूला पोटाशी धरून मागच्या दाराला पाठ लावून बसली. तेव्हा त्या दारावर थाप पडली. जोरात नाही, ओळखीच्या माणसाची असावी तशी. थापेबरोबर बांगड्या वाजल्या. पुष्कळ बांगड्या.

मागच्या गल्लीत हुसेनबी राहायची, बायकांना बांगड्या भरणारी. मायच्या लग्नाचा चुडा तिनेच भरलेला. दोघींचं एवढं मेतकूट की माय धपाटे लावायला बसली की पहिला तिच्याकडे जायचा.

"म्या कडीवर हात ठिवला," माय म्हणाली. "ठिवला व्हता. तेवढ्यात पोरांचे आवाज लय जवळ आले. त्यात आपल्या गल्लीतली पोरं व्हती, आवाज वळखीचे. दार उघडलं तर ते आत येतेत, आन् माज्याजवळ हे लेकरू. दुसरा हात म्या बसूच्या तोंडावर दाबला. थाप पुन्यांदा पडली. मंग पडली न्हाई."

सकाळी हुसेनबीचं घर सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. बसूचा कान रात्रीतून वाहिला आणि पहाटेला तो शांत झोपला होता. दुपारी अप्पा आले, मायने त्यांच्यापुढे भाकरी वाढली. कानाचंही सांगितलं नाही आणि दाराचंही नाही.

मी मायला मिठी मारली, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना. वहिनीने मात्र तिची समजूत घातली नाही. तुमचा काय दोष, असंही म्हणाली नाही. बराच वेळ ती पुस्तकाच्या सुट्या पानांच्या कडा सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, आपण तिला शोधू."

"कोन्या तोंडानं?"

"तोंडाचं नंतर बघू. ती आहे का, एवढं तर कळेल."

माय त्या 'आहे का'ने पांढरी पडली. हुसेनबी नसेल, हा विचार तिने इतकी वर्षं रोज दिवेलागणीला केला होता, पण तो बोललेला तिने पहिल्यांदाच ऐकला. 

वहिनीने मग बोरीच्या बाजारात बांगड्यांच्या कापडी पालापुढे बसायला सुरुवात केली. दर बाजारी दोन बांगड्या जास्तीच्या भरून घ्यायची आणि बोलता बोलता विचारायची. भाऊ कुरकुरायचा, ह्या घरात आता चुलीपेक्षा काचच जास्त झाली म्हणून. पण वहिनीने त्याला खरं कारण सांगितल्यावर तोही विचारू लागला. शेवटी बांगड्या भरणाऱ्या एका म्हाताऱ्या मणेरणीने सांगितलं की हुसेनबी ताडकळसला भावाजवळ असते, तिथल्या बाजारात बसते. अप्पांना आमच्या भाऊने सांगितलं की ताडकळसच्या बाजारात कुठलं कापड उठतं ते बघून येतो, बायकाही येतील जरा फिरून. अप्पांनी मायच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हौ, जाऊन या."

परभणीपर्यंत मोटार, पुढे दुसरी मोटार. मायने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, ते गाठोडं तिने सबंध वाट मांडीवरून खाली ठेवलं नाही. ताडकळसचा बाजार भरात होता, मिरच्यांच्या ढिगांमुळे सगळ्यांनाच शिंका येत होत्या. कडुनिंबाखाली बांगड्यांच्या माळा पसरून एक बाई बसली होती. केस पिकलेले, एक डोळा जरा बारीक झालेला. माय लांबूनच थांबली आणि तिने माझा दंड धरला. तो किती घट्ट, हे मला घरी जाऊन कळलं.

वहिनी पुढे जाऊन बसली आणि तिने हात पुढे केला. हुसेनबीने वर पाहिलं, आणि वहिनीच्या खांद्यावरून तिची नजर मायवर गेली. ती बघतच राहिली.

"कापडवाल्याची पार्वती न्हाई का तू?" ती म्हणाली. "आवो मा, लांब कशाला हुबी? ये ना."

माय जाऊन बसली. हुसेनबीने तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि भराभर मागच्या जुन्या बांगड्या चाचपायला लागली, ह्या कुणी भरल्या, माप चुकलंय, असं पुटपुटत. मग ती आमची चौकशी करू लागली. अप्पा कसे आहेत, दुकान चालतं का, ही चंदा का, एवढी झाली. "आन् बसू? त्याचा कान बरा झाला का गे? लय रडायलता बिचारा." मायने मान हलवली.  हुसेनबीने तिची बोटं एकत्र दाबून हिरवी बांगडी चढवली, दुसरी चढवली, आणि तेव्हा मायने विचारलं.

"हुसेनबी, त्या सांजंला आमच्या मागल्या दारावर थाप पडलती. ती तू व्हतीस का?"

हुसेनबीचे हात थांबले नाहीत. तिने तिसरी बांगडी निवडली, उजेडात धरून तडा गेलाय का ते पाहिलं.

"कोन्या सांजंला?" ती म्हणाली. "मी तर गडबडीच्या आधीच इकडं आलते. भावानं गाडी धाडली, तवाच बसले नि आले. तुला सांगायला बी झालं न्हाई, त्याचंच मला वाईट वाटायलंय इतके दिवस. मी कशाला वाजवू तुझं दार?"

माय रडायला लागली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. बाजारातल्या बायका बघू लागल्या. हुसेनबी तिचा हात सोडेना. "रडू नको गे," ती हळूच म्हणाली. "हात हलतो, काच लागंल."

धपाट्यांचं गाठोडं तिथेच सुटलं. दोघींनी एकाच फडक्यावरून खाल्लं. निघताना मायने तिच्याकडून घरी यायचं वचन घेतलं आणि हुसेनबीने 'चंदाच्या लग्नाचा चुडा माझ्याच हातचा' असं बजावलं.

परतीच्या मोटारीत माय खिडकीला डोकं टेकून झोपली. दिवसाउजेडी झोपलेली माय मी कधी पाहिली नव्हती. मला फार आनंद झाला होता. म्हणजे थाप दुसऱ्याच कुणाची तरी होती, किंवा नव्हतीच, मायच्या मनाचा खेळ, अगदी पुस्तकातल्यासारखा; असं मी वहिनीला सांगायला वळले. वहिनीचा चेहरा पाहून थांबले. आणि मग ते माझ्याही डोक्यात आलं. बसूचा कान त्या एकाच दुपारी दुखायला लागला आणि पहाटेला थांबला होता. मायने ते आम्हा दोघींखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. तो कानासाठी रडतोय, हे त्या दिवशी आमच्या मागच्या गल्लीत असलेल्या माणसालाच ठाऊक असणार. म्हणजे हुसेनबी आधी गेलेलीच नव्हती, दाराबाहेर तीच होती. तिने लेकराचं रडणं ऐकलं, ते दाबलं गेलेलंही ऐकलं, आणि ती निघून गेली. पुढे ती कुठे लपली, कशी पोचली, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

मी तोंड उघडलं होतं. वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली, नाही म्हणून. सगळी वाट तिने तो हात तसाच ठेवला.

माझ्या लग्नात हुसेनबी आली. दोन दिवस आमच्याकडे राहिली, माझा चुडा भरला, आणि मायच्या आणि तिच्या गप्पा पडवीत अशा रंगल्या की नवरीला वाढायचंही त्या विसरल्या. दिवेलागणीला माय अजूनही मागच्या दाराशी जायची, पण आता ती दार उघडून उंबऱ्यावरच बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. हुसेनबी वारली तेव्हा अप्पांनी दुकानातलं पांढरं कापड स्वतः फाडून ताडकळसला पाठवलं. वहिनीने आणि मी तो विषय इतक्या वर्षांत आपसातही काढला नाही. मायला तिचं समाधान मिळालंय, ते आपण जपायचं, एवढं आमचं न बोलता ठरलेलं होतं.

माय थकल्यावर मी माहेरपणाला गेले होते. वहिनीचे केसही आता पांढरे झालेले, पण दुपारचं वाचन चालूच होतं. मायची दृष्टी गेली होती, तरी तिच्या पुढ्यात शेंगा असायच्या. फोडायला डोळे लागत नाहीत, असं म्हणायची. त्या दिवशीच्या गोष्टीत एका बाईने नवऱ्याचं खोटं पकडलं आणि चारचौघांत उघडं पाडलं. वहिनीने पुस्तक मिटलं. माय शेंगा फोडत होती.

"कमल," ती म्हणाली, "तुज्या पुस्तकातल्या बायांना शेवटी समदं कळतंय, आन् कळलं की त्या बोलून टाकतेत. कळून बी आपल्यासाठी कुनी खोटं बोललं ते तसंच राहू देनारी बाई कुनी लिव्हली न्हाई का?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिने नेहमीचाच ठेवला.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. आमच्या घरात इतकी वर्षं काढून तीही आता 'न्हाई' म्हणू लागली होती. "अजून तरी मला गावली न्हाई."

"मंग गावली तर आन," माय म्हणाली, आणि तिने सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली.